किती इंच उचलली, हा प्रश्नच चुकीचा आहे

"किती इंच?"

उचललेली गाडी दिसली, की पहिला प्रश्न हाच येतो. मग ती जिम्नी असो, थार असो की कुणीतरी जिवापाड जपलेली जुनी जिप्सी. उत्तरही ठरलेलं: "दोन इंच", "तीन इंच", आणि एखादा छाती फुगवून "चार!" पुढची चर्चा टायरच्या नक्षीवर जाते, तिथून फोटोवर जाते आणि संपते. गाडी उचलल्यावर पुढच्या चाकांची भूमिती कशी दुरुस्त केली, असं विचारताना मी फार कमी लोकांना ऐकलंय. विचारलंच, तर समोरचा "अलाइनमेंट केलंय ना" म्हणून मोकळा होतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. भूमिती दुरुस्त न करता गाडी उचलणं म्हणजे अर्धवट काम. आणि हे अर्धवट काम जंगलातल्या दगडावर त्रास देत नाही, ते हायवेवर त्रास देतं. तिथे तुमच्या शेजारून दुसऱ्याचं कुटुंब चाललेलं असतं. म्हणून हा फक्त हौसेचा मामला राहत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. लिफ्ट कशासाठी? "ग्राउंड क्लिअरन्ससाठी" हे उत्तर अर्धंच खरं आहे. जिम्नीचं उदाहरण घेऊ, कारण ती पुढे-मागे सॉलिड ॲक्सलची आहे आणि जून २०२३ पासून आपल्याकडे रीतसर विकत मिळते. तिचा कंपनीने दिलेला ग्राउंड क्लिअरन्स २१० मिमी. सॉलिड ॲक्सलच्या गाडीत सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू असते डिफरन्शिअलचा भोपळा. तो ॲक्सलवर असतो आणि ॲक्सल चाकांवर. तुम्ही स्प्रिंग कितीही उंच लावा, भोपळा एक मिलिमीटरही वर जात नाही! वर जाते ती चासी आणि बॉडी. म्हणजे समोरचा चढ बंपरला लागणं, उंचवटा पोटाला घासणं हे कमी होतं. भोपळा वर न्यायचा असेल तर टायरच मोठं हवं. कंपनीचं टायर १९५/८० आर १५, म्हणजे व्यास साधारण ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ लावलं तर व्यास ७०३ च्या आसपास, म्हणजे भोपळा उचलला जातो फक्त ५ मिमी. २३५/७५ लावलं तर २० मिमी. लिफ्टचा मुख्य उपयोग हे मोठं टायर आत बसवणं आणि चाकाला वर-खाली जायला जागा देणं एवढाच. हे एकदा नीट समजलं, की "चार इंच" हा आकडा तितकासा भारी वाटत नाही.

आता गाडीखाली जाऊन बघू.

जिम्नीच्या पुढच्या ॲक्सलला दोन रेडियस आर्म असतात, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. आर्मचं मागचं टोक चासीवर एका बुशमध्ये फिरतं. पुढचं टोक दोन बुशनी ॲक्सलला घट्ट धरून ठेवतं. दोन बुश असल्यामुळे आर्म आणि ॲक्सल बाजूने बघितलं तर एकच तुकडा होतात. आर्म जितका फिरेल, तितका ॲक्सलही गोल फिरणार.

स्प्रिंग बदलून चासी ५० मिमी वर नेली, की आर्मचं मागचं टोक वर गेलं आणि पुढचं टोक त्या मानाने खाली राहिलं. आर्म पुढे झुकला, आणि त्याच्यासोबत ॲक्सलनेही मान खाली घातली. किती? समजा आर्मची लांबी ९० सेंमी धरली, तर ५ भागिले ९०, म्हणजे सव्वातीन अंशांच्या जवळपास. शाळेतली त्रिकोणमिती, यात काही गूढ नाही.

हे तीन अंश कुणाच्या खिशातून गेले? कॅस्टरच्या.

कॅस्टर म्हणजे काय ते समजून घ्यायला सायकल पुरते. सायकलचा पुढचा दांडा सरळ उभा नसतो, वरचं टोक मागे कललेलं असतं. त्या दांड्याची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतं त्याच्या थोडी पुढे पडते. म्हणजे टायर त्या रेषेच्या मागून ओढलं जातं. ओढली जाणारी वस्तू आपोआप सरळ होते. ऑफिसच्या खुर्चीची चाकं बघा, खुर्ची ढकलली की ती कशी वळून मागे जातात. सायकल हात सोडून चालवता येते त्याला हा कलही एक कारण आहे (इतरही आहेत, त्यात आज शिरत नाही). गाडीतही तेच. वळणावरून बाहेर आल्यावर स्टेअरिंग हातातून सुळकन सरळ होतं, ती किमया बऱ्याच अंशी कॅस्टरची.

समजा गाडीचा मूळ कॅस्टर तीनच अंश होता आणि लिफ्टने तीन अंश खाल्ला, तर उरलं शून्य. आता स्टेअरिंग एकदम हलकं लागतं. गंमत म्हणजे लिफ्ट केल्यावर पहिल्या दिवशी लोक याचीच तारीफ करतात: "काय स्मूद झालंय स्टेअरिंग!" अरे बाबा, ते स्मूद झालेलं नाही, बेवारस झालंय. शहरात ४० च्या वेगाला काही कळत नाही. हायवेवर ९० ला गाडी डावीउजवीकडे भरकटायला लागते. ट्रकने ओव्हरटेक केला की त्याच्या हवेने हलते. रस्त्यावरच्या ट्रकच्या चाकोरीत चाक शिरलं की गाडी तिकडेच पळते. ड्रायव्हर दर सेकंदाला बारीक बारीक दुरुस्त्या करत राहतो आणि दोन तासांत खांदे दुखून येतात.

दुसरा भाग पॅनहार्ड रॉडचा. ॲक्सल डावीउजवीकडे सरकू नये म्हणून आडवा लावलेला हा दांडा. एक टोक चासीवर, दुसरं ॲक्सलवर. चासी वर गेली की दांडा जास्त तिरका होतो. तिरक्या दांड्याची आडवी लांबी कमी भरते, म्हणून तो ॲक्सलला स्वतःच्या चासीवरच्या टोकाकडे ओढतो. इथेही हिशोब करून बघा. ९० सेंमीचा दांडा आधीच ६ सेंमी उतरता असेल आणि आपण आणखी ५ सेंमी उचललं, तर ॲक्सल जवळजवळ ५ मिमी बाजूला सरकतो. ५ मिमी काही फार नाही. चाकं एका बाजूने थोडी बाहेर दिसतात एवढंच. खरी गोम पुढे आहे.

स्टेअरिंग बॉक्समधून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक ही पॅनहार्डला समांतर आणि शक्य तितकी त्याच्याच लांबीची ठेवलेली असते. हे उगाच नाही. खड्ड्यात ॲक्सल वर-खाली झाला की दोन्ही दांडे सारख्याच कमानीत फिरतात, त्यामुळे स्टेअरिंग न फिरवता चाक वळत नाही. ही समांतर जोडी मोडली, की प्रत्येक खड्डा तुमच्या वतीने स्टेअरिंग फिरवायला लागतो. यालाच बंप स्टिअर म्हणतात.

आता बघा, नुसत्या लिफ्टने ही जोडी मोडत नाही! दोन्ही दांडे सारखेच तिरके होतात. जोडी मोडतो तो अर्धवट सुधारणा करणारा माणूस. कुणीतरी सांगतं "ड्रॅग लिंक फार तिरकी झालीये, खाली उतरणारा पिटमन आर्म लाव". लावला. ड्रॅग लिंक आडवी झाली, पॅनहार्ड मात्र तिरकाच राहिला. झालं, आधी नसलेला बंप स्टिअर पदरचे पैसे देऊन विकत घेतला. याच्या उलटही होतं: ॲक्सलवरचं पॅनहार्डचं टोक उंच करायचं आणि ड्रॅग लिंकला हातच लावायचा नाही. आमच्या धंद्यात याला एक बग फिक्स करताना दोन नवे घालणं म्हणतात. दोन मॉड्यूल एकमेकांवर अवलंबून आहेत हे न बघता एकच बदलायचं, आणि वर "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणायचं :-)

यावर आपल्याकडचा लोकप्रिय उपाय कोणता? स्टेअरिंग डँपर. जाडजूड, शक्यतो लाल किंवा पिवळ्या रंगाचा. माझ्या एका सहकाऱ्याने गाडी उचलून घेतली. पुण्याहून कोल्हापूरला जाताना साताऱ्याच्या अलीकडे पुलाच्या सांध्यावरून गाडी गेली आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं, ते वेग ५० च्या खाली येईपर्यंत थांबलं नाही. मागच्या सीटवर बायको आणि दोन मुलं. परत आल्यावर गॅरेजवाल्याने सांगितलं, डँपर टाकू, प्रॉब्लेम खतम. सहकाऱ्याने मला विचारलं. मी म्हटलं, आधी अलाइनमेंटचा कागद दाखव. कागदावर टो हिरव्या रंगात आणि कॅस्टर दोन्ही बाजूंना लाल. त्याने मशीनवाल्याला विचारलं होतं म्हणे, तर उत्तर आलं, "ते ॲडजस्ट होत नाही साहेब, तेवढं चालतं."

मशीनवाला पहिल्या अर्ध्या वाक्यात खोटं बोलत नव्हता बरं का. सॉलिड ॲक्सलला टाय रॉड फिरवून फक्त टो बदलता येतो. कॅस्टर, कॅम्बर हे ॲक्सलच्या घडणीत आणि आर्मच्या कोनात ठरलेले असतात, स्क्रू फिरवून बदलण्याजोगं तिथे काही नसतं. म्हणूनच "अलाइनमेंट केलंय" हे वाक्य लिफ्ट केलेल्या गाडीच्या बाबतीत काहीच सांगत नाही. "तेवढं चालतं" हा भाग मात्र शुद्ध थाप.

डँपर काय करतो? थरथर गिळतो. कोडमध्ये एरर आला की त्याच्याभोवती रिकामा कॅच ब्लॉक लावावा, तसं. लॉगमध्ये काही दिसत नाही, मॅनेजर खूश, आणि आत डेटा सडत असतो. या थरथरीची मूळ कारणं बहुतेक वेळा साधी असतात: पॅनहार्डचा बुश ढिला, किंगपिनच्या बेअरिंगचा ताण गेलेला, टाय रॉडचं टोक खेळतंय, चाकाचं बॅलन्सिंग बिघडलंय. कमी कॅस्टरने त्यात भर पडते. त्या गाडीत पॅनहार्डचा बोल्टच पुरेसा आवळलेला नव्हता. तो आवळला आणि कॅस्टर दुरुस्त केला, तर गाडी कंपनीच्याच डँपरवर सरळ धावायला लागली. नवा डँपर टाकला असता तर थरथर दबली असती आणि बोल्टचं भोक हळूहळू मोठं होत गेलं असतं. त्याचा शेवट काय झाला असता, याचा विचार न केलेला बरा.

बरं, मग कॅस्टर परत आणायचा कसा? चार रस्ते आहेत आणि प्रत्येकाची किंमत वेगळी. किंमत म्हणजे फक्त रुपये नव्हेत.

पहिला, ऑफसेट बुश. मूळ बुश दाबून काढायचे आणि भोक मध्यापासून सरकवलेले बुश बसवायचे, पुढचा एका दिशेला आणि मागचा दुसऱ्या. दोन बुशमधलं अंतर २० सेंमी आणि प्रत्येकी ४ मिमी सरकवलं, तर सव्वादोन अंश परत मिळतात. सगळ्यात स्वस्त. पण भोक सरकवल्यामुळे एका बाजूचं रबर पातळ होतं, आणि हे बुश बऱ्याचदा कडक पॉलियुरेथेनचे असतात. रेडियस आर्मच्या रचनेत एक चाक वर आणि एक खाली जाताना दोन आर्म ॲक्सलला उलटसुलट पिळत असतात, आणि तो पीळ सोसतात हेच बुश. ते कडक केले की चाकांची हालचाल आखडते. म्हणजे ज्या दगडासाठी लिफ्ट केली, तिथेच चाक हवेत.

दुसरा, बदललेले आर्म. बुशची जागाच आर्मवर योग्य कोनात बनवलेली. बुश मूळ रबराचेच राहतात. महाग, पण माझ्या मते ५० मिमीच्या लिफ्टसाठी सगळ्यात प्रामाणिक उपाय. मात्र मूळ आर्म कापून, वाकवून, वेल्डिंग करून घरगुती बनवलेला आर्म कृपया नको. ब्रेक मारल्यावर ॲक्सलचा सगळा पीळ या दोन आर्मवर येतो.

तिसरा, ड्रॉप ब्रॅकेट. आर्मचं चासीवरचं टोकच खाली घ्यायचं. कोन मूळच्यासारखा होतो, खड्ड्यातली चालही सुधारते. पण चासीखाली दोन लोखंडी कान लोंबायला लागतात. पोट वाचवायला उचललेली गाडी आता या कानांवर घासणार. ज्यांचं फिरणं मुख्यतः रस्ता आणि कच्चा रस्ता, त्यांना उत्तम. दगडधोंड्यांत जाणाऱ्यांना नाही.

चौथा, ॲक्सलच्या टोकांना असलेले किंगपिनचे भाग कापून, फिरवून पुन्हा वेल्ड करणं. मोठ्या लिफ्टला हाच खरा उपाय, पण हे काम जिग लावून करणाऱ्या कसबी माणसाचं.

हा चौथा उपाय लागतोच कशाला, असं वाटेल. तर पहिल्या तिन्ही उपायांत कॅस्टरसाठी अख्खा ॲक्सल मागे फिरवतो, आणि त्याच्यासोबत डिफरन्शिअलचं पिनियनही खाली बघायला लागतं. इकडे ट्रान्सफर केस चासीबरोबर वर गेलेली. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवरचा कोन वाढतो आणि शाफ्ट थरथरतो. म्हणजे चाकाला हवा तो कोन शाफ्टला नको, आणि शाफ्टला हवा तो चाकाला नको. थोड्या लिफ्टमध्ये दोघांची समजूत काढता येते. चार इंचाला येत नाही. म्हणून "किती इंच" वाढवत नेणं हे सरळ रेषेत महाग होत नाही. एका मर्यादेनंतर प्रत्येक इंच आधीच्या सगळ्या तडजोडी मोडतो.

पॅनहार्डसाठी लांबी बदलता येणारा रॉड लावायचा आणि ॲक्सल मध्यावर आणायचा. मात्र पॅनहार्ड लांब केला, की ड्रॅग लिंकही तितकीच लांब करावी लागते, नाहीतर गाडी सरळ चालताना स्टेअरिंग वाकडं दिसतं. ते दिसायला वाईट एवढंच नाही. जिम्नीसारख्या ईएसपी असलेल्या गाडीत सेन्सरला वाटतं ड्रायव्हर वळतोय, आणि गाडी तर वळत नाही. मग ती आपणहून ब्रेक लावायला बघते. स्टेअरिंगचा स्प्लाइन एक दात सरकवून ते "सरळ दिसेल" असं करणारे महाभाग आहेत. त्यांच्याबद्दल काय बोलावं!

थारवाल्यांना वाटेल आपण सुटलो. नाही. २०१० च्या थारमध्ये पुढे टॉर्शन बार आहेत, आणि त्यांचा बोल्ट आवळला की गाडीचं नाक फुकटात वर येतं. त्यामुळे तो "लिफ्ट" फार लोकप्रिय. पण चाकाला खाली जायला ठेवलेली जागा त्यात संपते, ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट तिरके होऊन त्यांचे रबरी बूट फाटतात, आणि कॅस्टर, कॅम्बर, टो तिन्ही एकदम बदलतात. २०२० च्या थारमध्ये पुढे डबल विशबोन आणि कॉइल आहे. तिथे स्प्रिंगवर स्पेसर टाकला तरी वरच्या आर्मच्या बॉल जॉइंटचा कोन आणि कॅम्बर बघावाच लागतो. जिप्सीत पाटे, तिथे पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचर घालून कॅस्टर आणतात, तो पोलादी हवा, ॲल्युमिनियमचा कालांतराने चेपतो. रचना वेगळी असली तरी हिशोब चुकत नाही.

एक आक्षेप नेहमी येतो: "अरे, ही ट्रेलची गाडी आहे, हायवेची नाही." ठीक. मग ती ट्रेलपर्यंत जाते कशी? पुण्या-मुंबईची माणसं घाट उतरून, हायवे तुडवून दोनशे किलोमीटर जातात आणि चिखलात दोन तास खेळतात. ट्रेलवर वेग १० चा, तिथे कॅस्टर नसला तरी चालेल. परतीचा रस्ता मात्र संध्याकाळचा, पावसाचा आणि दमलेल्या ड्रायव्हरचा असतो.

दुसरा आक्षेप: "ऑस्ट्रेलियात बघा काय काय करतात." जरूर बघा. तिथे ठरावीक उंचीच्या पुढे इंजिनिअरचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, राज्याप्रमाणे आकडा बदलतो. फोटो तेवढे तिथले घ्यायचे आणि कागद नाही, असं कसं चालेल?

आपल्याकडे कायदा वेगळीच टोकाची भूमिका घेतो, हेही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी आणि कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला शिक्षेची तरतूदही आली. म्हणजे लिफ्ट करणारा आधीच कायद्याच्या कडेला उभा असतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवणार. मला स्वतःला सरसकट बंदीपेक्षा तपासणी आणि प्रमाणपत्राची पद्धत बरी वाटते. सरसकट बंदीने लिफ्ट थांबत नाहीत, फक्त त्या लपूनछपून होतात, आणि लपून केलेल्या कामाचा कागद कुणी देत नाही. पण आपण स्वतः जबाबदारीने वागल्याचा एकही पुरावा न ठेवता "कायदा बदला" म्हणायला आपल्याला तोंड नाही.

तेव्हा करायचं काय? उचलण्याआधी अलाइनमेंटचा कागद काढून ठेवा. उचलल्यावर पुन्हा काढा. कॅस्टरचे आकडे शेजारी शेजारी ठेवा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. गॅरेजवाल्याला "किती इंच, किती पैसे" याच्याआधी विचारा: कॅस्टर कसा परत आणणार? पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक दोन्ही बघणार का? ब्रेकचे पाइप चाक पूर्ण खाली लोंबल्यावर पुरतात का? हेडलाइट परत खाली लावणार का? (हा शेवटचा समोरून येणाऱ्यांसाठी.) बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळणार ना? लोंबत्या अवस्थेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यातल्या दोन प्रश्नांना "त्याची गरज नसते" असं उत्तर आलं, तर गाडी फिरवून घरी या.

आणि बजेट ठरलेलं असेल तर उंची कमी करा, दुरुस्ती कमी करू नका. दुरुस्त केलेली दीड इंच ही न केलेल्या तीन इंचांपेक्षा ट्रेलवरही पुढे जाते आणि घरीही आणते. ती फोटोत थोडी बुटकी दिसते, हे मान्य.